मेल वाचलेली दिसते, पण वाचली कोणीच नाही: फोंड्याकडच्या एका देवस्थानाच्या ऑफिसचं प्रकरण

तक्रार अशी होती की कुळाव्यांच्या, म्हणजे ज्यांचं हे कुलदैवत त्या घराण्यांतल्या माणसांच्या, मेल्सना उत्तरं जात नाहीत. सगळ्यांच्याच नाही, काहींच्याच, आणि नेमक्या कोणाच्या राहतात ते कोणाला कळत नव्हतं. मुंबईच्या एका कुटुंबाने लिहिलं होतं की दिवाळीनंतर येतोय, अग्रशाळेत (देवळाच्या यात्रीनिवासात) दोन खोल्या आणि सकाळचा अभिषेक हवा. उत्तर नाही म्हणून परत लिहिलं, तरी नाही, मग थेट मुखत्यारांना, म्हणजे देवस्थानाच्या वतीने व्यवहार बघणाऱ्यांना, फोन लावून चांगलंच सुनावलं. ऑफिसात शोधलं तर मेल होती की! अग्रशाळेच्या फोल्डरमध्ये, जागच्या जागी, फक्त ठळक अक्षरात नव्हती, म्हणजे वाचलेली. वाचली कोणी? काउंटरवरच्या ताई म्हणतात मी नाही, सचिव म्हणतात मी ते फोल्डर उघडतच नाही, खजिनदार म्हणतात माझ्या फोनवर काही वाजलंच नाही. तिघंही खरं बोलत होते, पण ते सिद्ध होईपर्यंत सगळ्यांचा राग ताईंवर निघून झाला होता.

देवस्थानाचं नाव इथे लिहीत नाही, गरजही नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आहे एवढं पुरे. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण मेलचं महत्त्व त्याशिवाय कळायचं नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बार्देशातली देवळं पाडली जायला लागली तेव्हा बरेच देव खाडी ओलांडून अंत्रुजात म्हणजे आजच्या फोंड्याकडे आणले गेले, तेव्हा हा भाग पोर्तुगीजांकडे नव्हता, तो त्यांच्या हातात १७६३ मध्ये गेला. देव हलले तशी माणसंही पांगली, कारवार, मंगळूर, मुंबई, आता अमेरिका आणि दुबई. त्यामुळे इथल्या कित्येक देवळांचे निम्मेअधिक कुळावी गावात राहतच नाहीत. त्यांचा देवळाशी रोजचा संबंध म्हणजे फोन आणि मेल. कारभार १९३३ च्या माझानिया (म्हणजे देवस्थान-संस्थांच्या) कायद्याने चालतो, महाजन म्हणजे देवस्थानाचे नोंदलेले सभासद मतं देऊन समिती निवडतात, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार, आणि दर तीन वर्षांनी माणसं बदलतात. हे बदलणं पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

ऑफिसातली मांडणी. मेलबॉक्स एकच, देवस्थानाच्या स्वतःच्या डोमेनवर, आयमॅपने जोडलेला, म्हणजे मेल्स सर्व्हरवरच राहतात आणि सगळ्यांना तीच प्रत दिसते. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर आउटलुक, जुनं क्लासिकवालं. सचिवांच्या खोलीत थंडरबर्ड, कारण आधीच्या कोणीतरी पैसे वाचवायला फुकटवालं टाकून दिलं होतं (चांगलं आहे ते, नाव ठेवत नाही). खजिनदारांच्या फोनवर जीमेलचं अ‍ॅप, त्यात हाच अकाउंट जोडलेला. सर्व्हरवर फिल्टर लावलेले, विषयात खोली, रूम, अग्रशाळा असं काही दिसलं की मेल 'अग्रशाळा' फोल्डरमध्ये, अभिषेक, लघुरुद्र, पूजा दिसलं की 'अभिषेक'मध्ये, बँकेच्या पावत्या 'देणगी'त, आणि उरलेलं सगळं इनबॉक्समध्ये. कागदावर बघितलं तर अगदी छान व्यवस्था.

माझ्या आधी येऊन गेलेल्यांनी अंदाज बांधून ठेवले होते. कोणी म्हणालं व्हायरस, कोणी म्हणालं पासवर्ड फुटलाय आणि बाहेरचं कोणी वाचतंय, एका महाजनांनी तर सायबर सेलला कळवायचं का विचारलं. पासवर्ड बदलून झाला होता, त्यानेही फरक पडला नव्हता. फरक पडणार नव्हताच, चोर घरातला होता आणि तो माणूस नव्हता.

मी काय केलं तर माझ्या लॅपटॉपवर वेबमेल उघडून बसलो, म्हणजे सर्व्हरवर प्रत्यक्ष काय चाललंय ते दिसेल, आणि माझ्या फोनवरून एक मेल पाठवली, विषय 'खोली हवी, चाचणी'. वेबमेलमध्ये ती अग्रशाळा फोल्डरमध्ये ठळक आली. मग ताईंना म्हटलं, "ताई, कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा, आणि रोज सकाळी जे करता तेच करा, मी आहे म्हणून काही वेगळं नको." विंडोज उघडलं. आउटलुक आपोआप सुरू झालं कारण ते स्टार्टअपमध्ये टाकलेलं होतं. आणि ते इनबॉक्समध्ये नाही, थेट अग्रशाळा फोल्डरमध्ये उघडलं, सगळ्यात वरची म्हणजे माझीच मेल निवडलेली, उजव्या बाजूच्या पॅनमध्ये तिचा मजकूर पसरलेला. ताई तेव्हा कुठे होत्या? पावतीपुस्तक काढत होत्या. स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मी वेबमेल रिफ्रेश केलं, मेल अजून ठळकच. मग त्या बसल्या आणि सवयीने पहिलं क्लिक केलं ते इनबॉक्सवर, कारण सचिव तिथलं काय काय विचारतात. मी परत रिफ्रेश केलं. ठळक गेलं.

ताईंना ते दाखवलं तर त्या लॅपटॉपकडे बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे देवा, म्हणजे हा स्वतःच वाचतो आणि माझ्या नावावर घालतो!" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आत घडतं ते असं. आउटलुक सुरू होताना एक ठराविक फोल्डर उघडतं, मुळात ते इनबॉक्स असतं पण बदलता येतं. फोल्डर उघडलं की वरची मेल निवडली जाते आणि रीडिंग पॅन चालू असेल तर त्यात ती दिसते. आता रीडिंग पॅनच्या सेटिंगमध्ये एक टिक असते, निवड बदलली की मेल वाचलेली धरा, अशा अर्थाची, आणि ती टिक कोणी लावावी लागत नाही, आधीपासून लावलेलीच येते. म्हणजे तुम्ही त्या मेलवरून दुसऱ्या मेलवर किंवा दुसऱ्या फोल्डरवर गेलात की आधीची वाचलेली झाली, मग तुम्ही तिच्याकडे बघितलेलं असो नसो, प्रोग्रामला डोळे कुठे होते ते कळत नाही. आणि आयमॅपमध्ये 'वाचली' ही खूण त्या कॉम्प्युटरवर राहत नाही, ती सर्व्हरवर त्या मेललाच चिकटते, त्यामुळे सचिवांच्या थंडरबर्डमध्येही वाचलेली, खजिनदारांच्या फोनवरही वाचलेली. जुन्या पॉपच्या काळी, म्हणजे मेल्स आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या तेव्हा, ही भानगडच नव्हती, प्रत्येकाची प्रत वेगळी, प्रत्येकाचं वाचलं-न वाचलं वेगळं. एकाच मेलबॉक्सवर तिघं बसायला लागले तेव्हापासून एकाच्या स्क्रीनवरची सवय तिघांना लागू झाली.

आता तो न कळणारा पॅटर्न. हरवत होती ती फक्त वरची एक मेल, म्हणजे रात्री सगळ्यात शेवटी आलेली. जत्रेच्या तोंडावर, माघात, रात्रीत ढीगभर मेल्स येतात, त्यातली एक वाचलेली झाली तरी बाकीच्या ठळक दिसतात, ताई त्या एकेक करत खाली जातात आणि वरचीही त्या ओघात नजरेखालून जाते. पण दसरा-दिवाळीच्या सुमाराला, जेव्हा लोक आधीच खोल्या धरून ठेवायला लिहितात, तेव्हा रात्रीत एखादीच मेल येते, आणि ती एकच असल्यामुळे तीच वरची, तीच गेली. म्हणजे गर्दीत काम बरोबर चालायचं आणि निवांत दिवसांत चुका व्हायच्या, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की ताई काम नसलं की लक्ष देत नाहीत. आणि नोकरी करणारी मुंबईची माणसं अशा मेल्स लिहितात कधी, तर रात्री जेवणं झाल्यावर. त्यांचाच बळी जास्त जात होता.

त्यात यूपीएसची भर. काउंटरचा यूपीएस म्हणजे नुसती पेटी राहिली होती, बॅटरी कधीच संपलेली, आणि पावसाळा सरताना इकडे लाईटचा खेळ काय असतो ते फोंड्याकडच्यांना सांगायला नको. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, आली की चालू, आउटलुक परत अग्रशाळेत, परत वरची मेल पॅनमध्ये. दिवसात जितक्यांदा लाईट गेली तितक्यांदा ही लॉटरी. बॅटरी बदलायची चिठ्ठी समितीपुढे बरेच महिने पडून होती, मेलच्या नादाने ती तेवढी मंजूर झाली.

मग प्रश्न आला की हे फोल्डर लावलं कोणी. इथे मला थोडं त्या माणसाच्या बाजूने बोलायचंय, तो कोण हे कोणालाच आठवत नाही, मागच्या समितीच्या वेळचा कोणीतरी. त्या वेळी काउंटरवरच्या माणसाचं काम फक्त खोल्यांचं होतं, इनबॉक्स सचिव स्वतः बघायचे. तर काउंटरवर सकाळी प्रोग्राम उघडताच खोल्यांचं फोल्डर समोर यावं यात चूक काहीच नाही, मीही तेच केलं असतं. एकच माणूस, एकच काम, उघडलं की तो वरपासून खाली वाचत जाणार, बस. पण समिती बदलली, नव्या सचिवांनी इनबॉक्सचं कामही ताईंकडे दिलं, आणि प्रोग्राम उघडण्याची जागा मात्र जुन्या माणसाच्या जुन्या कामाचीच राहिली. हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या असतात, चांदीची भांडी असतात, बँकेचे सह्यांचे नमुने असतात, आउटलुक कुठे उघडतं हे कोण लिहिणार.

दुरुस्ती करायला वेळ लागला नाही. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड. त्या पानावर वरच 'आउटलुक पेन्स' असा भाग आहे, त्यात रीडिंग पॅनचं बटण, आणि लगेच खाली 'आउटलुक स्टार्ट अँड एक्झिट', त्यात 'स्टार्ट आउटलुक इन धिस फोल्डर', शेजारी ब्राउझ. गंमत बघा, गुन्ह्यातले दोघे साथीदार एकाच पानावर, एकमेकांच्या खाली. ब्राउझमधून इनबॉक्स निवडलं, आणि निवडताना बघा की कुठलं इनबॉक्स, कारण आउटलुकमध्ये दोन डेटा फाईली जोडलेल्या असल्या की दोन-दोन इनबॉक्स दिसतात आणि लोक भलत्याच रिकाम्या इनबॉक्समध्ये सुरुवात लावून ठेवतात, मग म्हणतात मेलच येत नाही. इथे जुन्या वर्षांच्या मेल्सची एक पीएसटी फाईल जोडलेली होतीच. मग रीडिंग पॅनच्या बटणात जाऊन ती निवड-बदलाची टिक काढली. आता मेल वाचलेली करायची तर ताईंनी स्वतः कंट्रोल आणि क्यू दाबायचं. आउटलुक बंद करून परत चालू करून बघितलं, इनबॉक्समध्ये उघडलं, वरची मेल दिसली, दुसरीकडे गेलो, वेबमेलवर ठळकच.

हे सेटिंग त्या कॉम्प्युटरपुरतंच असतं, मेलबॉक्सबरोबर फिरत नाही, दुसरा कॉम्प्युटर आणला की परत करायचं. आणि नवीन आउटलुक ज्यांनी घेतलंय त्यांनी ही वाट शोधू नये, तिथे फाईल-ऑप्शन्सची ही पानंच नाहीत.

एक आणखी, ज्यांच्याकडे सुरुवातीचं फोल्डर अशाच एखाद्या जोडलेल्या पीएसटीमध्ये आहे त्यांच्यासाठी. ती फाईल कोणी हलवली किंवा ज्या पेनड्राइव्हवर होती तो काढला, तर आउटलुक उघडायलाच नकार देऊ शकतं, फोल्डरांचा संच उघडता येत नाही म्हणून पाटी दाखवतं, आणि आत जाता येत नसल्यामुळे सेटिंगही बदलता येत नाही. तेव्हा शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी एक जागा सोडून स्लॅश सिलेक्ट, परत जागा, आणि आउटलुक कोलन इनबॉक्स असं लिहिलं की त्याला त्या वेळेपुरतं इनबॉक्समध्ये उघडायला लावता येतं. स्लॅश रीसेटनॅव्हपेन (सगळं सलग, /resetnavpane) हाही एक उपाय आहे, पण त्याने डावीकडच्या यादीत तुम्ही केलेली मांडणी पुसली जाते, म्हणून मी तो शेवटी ठेवतो.

सचिवांच्या थंडरबर्डकडे वळलो तेव्हा वेगळंच निघालं. थंडरबर्डमध्ये सुरुवातीचं फोल्डर निवडायचा असा सरळ पर्याय सेटिंग्जमध्ये नाही, ते जिथे बंद केलं तिथे परत उघडतं. सचिव नेहमी इनबॉक्समध्ये असतात, इनबॉक्समध्येच बंद करतात, म्हणून तिथेच उघडतं, तिथे काही बिघडलेलं नव्हतं. पण ते म्हणत होते की अभिषेक फोल्डरमध्ये काही नवीन आलं तर आकडा दिसत नाही, मी क्लिक केल्यावरच दिसतो. ते असंच आहे. थंडरबर्ड आयमॅपवर नवीन मेल तपासताना मुळात इनबॉक्स बघतं, बाकीच्या फोल्डरमध्ये सर्व्हरने परस्पर टाकलेली मेल त्याला कळेलच असं नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'नवीन मेल घेताना हे फोल्डर नेहमी तपासा' अशा अर्थाची टिक लावायची. लावली, अभिषेक आणि अग्रशाळा दोन्ही फोल्डरना. म्हणजे काउंटरवर मेल दिसायच्या आधीच वाचलेली होत होती, आणि आतल्या खोलीत ती आल्याचंच कळत नव्हतं, खजिनदारांच्या फोनची घंटा तर फक्त इनबॉक्ससाठी. तीन खिडक्या आणि तिघींनाही एकच दार दिसत नव्हतं.

फोल्डरांच्या नावांचा घोळही होता, तो उरकून टाकतो. 'अभिषेक' नावाची दोन फोल्डरं होती, एक देवनागरीत आणि एक इंग्रजी अक्षरांत. देवनागरी नाव आयमॅपवर साठवताना एका विचित्र सांकेतिक रूपात जातं, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते अँपरसँडने (&) सुरू होणारी निरर्थक अक्षरं दिसतात. फिल्टर लावणाऱ्याला ती अक्षरं बघून काही बिघडलंय वाटलं असणार, म्हणून त्याने इंग्रजीत दुसरं केलं. दोन्ही एक केली, देवनागरी ठेवलं. चालतं व्यवस्थित, घाबरायचं कारण नाही.

आता खरी चर्चा झाली ती यापुढे, आणि ती तांत्रिक नव्हती. मुखत्यारांचं म्हणणं, काउंटर आहे अग्रशाळेचं, मग प्रोग्राम अग्रशाळेतच उघडायला हवा, ती टिक काढली ना, मग झालं. यात तथ्य आहे. नुसती टिक काढूनही मूळ तक्रार मिटली असती. सचिवांचं म्हणणं, नाही, इनबॉक्स. लोक विषयात काहीही लिहितात, 'नमस्कार', 'चौकशी', कित्येकदा विषय रिकामाच, आणि ती मेल कुठल्याच फिल्टरला लागत नाही, इनबॉक्समध्ये पडून राहते. मी सचिवांच्या बाजूने होतो. सकाळी पहिलं काय समोर येतं ते माणूस आधी निपटतो, आणि जे एका क्लिकच्या पलीकडे असतं ते दुपारपर्यंत राहतं, दुपारी बस भरून माणसं आली की ते उद्यावर जातं. मुखत्यार शेवटी म्हणाले, "बरें, तुमकां जाय तशें करात," म्हणजे तुम्हाला हवं तसं करा, आणि विषय संपला.

पण मग मी म्हटलं, इनबॉक्समध्येच उघडायचं तर माणसांच्या मेल्स इनबॉक्समधून काढायच्याच कशाला. खोली आणि अभिषेकाचे फिल्टर काढून टाकले. मुंबईच्या त्या कुटुंबाची मेल बघा, तिच्यात खोली पण होती आणि अभिषेकही, फिल्टर तिला एकाच फोल्डरमध्ये टाकणार, दुसऱ्याचं काम राहणारच. फक्त बँकेच्या पावत्या 'देणगी'त जातात, त्यांना उत्तर द्यायचं नसतं. फोल्डरं ठेवली, पण उलट्या कामाला, उत्तर गेलं की मेल ताई स्वतः त्यात हलवतात. म्हणजे इनबॉक्समध्ये दिसतंय ते सगळं बाकी. वाचलं-न वाचलं यावर आता कोणी अवलंबून नाही. ज्यात महाजनांना किंवा भटजींना विचारायचं राहिलंय त्याला आउटलुकमध्ये झेंडा लावतात, तो आयमॅपवरून थंडरबर्डमध्ये तारा म्हणून दिसतो. ताईंना आधी रंगीत कॅटेगरी हव्या होत्या, खोलीला हिरवा, अभिषेकाला केशरी, पण ते रंग आयमॅपवरून सचिवांपर्यंत पोचत नाहीत, ज्या कॉम्प्युटरवर लावले तिथेच राहतात, म्हणून नको म्हटलं. त्या थोड्या नाराज झाल्या.

मुंबईच्या कुटुंबाला सचिवांनी स्वतः लिहिलं, माघातल्या जत्रेसाठी खोल्या देऊ केल्या, ते आले. ताईंना कोणी सॉरी वगैरे म्हटल्याचं मला दिसलं नाही, पण सचिवांनी समितीच्या सभेत सगळ्यांसमोर सांगितलं की दोष सेटिंगचा होता, ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं, आणि मेलची मांडणी, म्हणजे कुठे उघडतं, कुठली टिक काढलीय, कुठला फिल्टर आहे, एका पानावर छापून हस्तांतरणाच्या फाईलीत लावली.

राहिलाय तो खजिनदारांचा फोन. अ‍ॅपमध्ये मेलवर बोट लागलं की ती उघडते आणि वाचलेली होते, त्याला मी काही करू शकत नाही, आणि त्यांना बसल्या बसल्या मेल्स उघडून बघायची सवय आहे. इनबॉक्समधून हलवत मात्र नाहीत, तेवढं कबूल केलंय.